अंडे थांबले, आतला बलक थांबला नाही

सातवीच्या वर्गात आम्ही दरवर्षी एक प्रश्न विचारतो. फरशीवर ढकललेला चेंडू थोडे अंतर जाऊन का थांबतो? बहुतेक मुलांचे उत्तर ठरलेले असते, "त्याच्यातला जोर संपला."

उत्तर चुकीचे आहे, पण त्यावर हसू नये. अ‍ॅरिस्टॉटल, म्हणजे आपल्या उर्दूतला अरस्तू, हाही असेच मानत होता की ढकलणारे कोणी असेल तोवरच वस्तू चालते. इब्न सिना यांनी अकराव्या शतकात 'किताबुश्शिफा'त म्हटले की वाटेत अडवणारे काहीच नसेल तर फेकलेली वस्तू थांबणार नाही. न्यूटनने त्याचा पक्का नियम मांडला तो १६८७ साली. जी गोष्ट समजायला माणसाला इतकी शतके लागली, ती पोराला एका व्याख्येत कशी समजेल?

म्हणून आईवडिलांना आमचे सांगणे आहे की व्याख्या नंतर, आधी कॅरम. बोर्ड पुसून स्ट्रायकर मारायला लावा. मग पावडर टाकून तेवढ्याच जोराने मारू द्या. आता विचारा, जोर तेवढाच होता, मग पहिल्यांदा लवकर कसा संपला? मूल आपणच बोर्डावर बोट फिरवून पाहते. मराठी पुस्तकात याला घर्षण म्हणतात, उर्दूत रगड. आमच्या मते रगड हा शब्द जास्त सोपा आहे, ऐकताच हाताला कळतो. मराठी माध्यमातल्या मुलालाही तो सांगायला हरकत नाही.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरातला. एक कच्चे आणि एक उकडलेले अंडे ताटात फिरवा. फिरताना बोट टेकवून क्षणभर थांबवा आणि लगेच बोट उचला. उकडलेले गप्प बसते. कच्चे पुन्हा फिरू लागते! कवच थांबले, पण आतला पातळ बलक फिरतच होता, त्याने कवचाला परत ओढले. याचे नाव जडत्व. (कच्चे अंडे अम्मीला विचारूनच घ्यावे, फरशी तिलाच पुसावी लागते.)

एसटीत ब्रेक लागला की उभे प्रवासी पुढे झुकतात, तेही हेच. ब्रेक गाडीला लागला, आपल्याला नाही.

आणि इथे हा धडा परीक्षेपुरता राहत नाही. लग्नाला निघालेल्या गाडीत पुढच्या सीटवर, मांडीवर बाळ घेऊन बसलेली आई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. "घट्ट धरलंय मी," ती म्हणते. हिशेब करून पाहू. गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. बाळ १० किलोचे. धडक बसून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर बाळाला धरून ठेवायला सुमारे १,००० न्यूटन बल लागते, म्हणजे १०० किलोचे पोते पेलण्याइतके. कोणत्याही आईच्या हातात तेवढी कुव्वत नसते, माया कितीही असो. बाळाला मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या पट्ट्याच्या खुर्चीतच बसवावे लागते.

घरात नववीचे मूल असेल तर हा हिशेब त्यालाच कागदावर करू द्या. वेग दुप्पट धरला तर आकडा किती येतो, तेही त्याला काढू द्या, आणि तो कागद गाडी चालवणाऱ्या मामूंना दाखवायला सांगा.