टॉपच घे, म्हणे!

गाडी घेतोय असं कुणाला सांगून बघा. मायलेज, सर्व्हिस सेंटर वगैरे चौकशी नंतर. पहिला प्रश्न, "टॉप मॉडेलच ना?" तुम्ही मधलं व्हेरिएंट सांगितलंत की समोरचा असा बघतो, जणू लग्नाच्या पंगतीतून तुम्ही नुसता वरणभात खाऊन उठलात. वर सल्ला, "अरे घ्यायचीच तर टॉप घे, सेफ्टी तरी मिळते."

या 'सेफ्टी'वरूनच आज भांडायचं आहे.

एके काळी हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या छोट्या गाड्यांच्या क्रॅश टेस्टचे निकाल जाहीर केले. त्यात पोलो दोन प्रकारे तपासली होती. एअरबॅग नसलेल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे, दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार! गाडी तीच, सांगाडा तोच, फरक व्हेरिएंटचा. (बिनएअरबॅगची पोलो मग कंपनीने विकणंच बंद केलं.) तेव्हा वरचं मॉडेल घेणारा चैन करत नव्हता, जीव सांभाळत होता.

पण त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी गेलंय हो. एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१ च्या अखेरीस. सहा एअरबॅगांची सक्ती सरकारने २०२३ मध्ये बासनात गुंडाळली, तरी ह्युंदाईने त्याच वर्षी सगळ्या मॉडेलांत सहा देऊन टाकल्या. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये तर सगळ्यात खालच्या एलएक्सआयलाही सहा एअरबॅगा आणि ईएसपी आहे. इंजिनही तेच १.२ लिटरचं.

आता त्याच स्विफ्टच्या तेव्हाच्या एक्स-शोरूम किमती बघा. एलएक्सआय ६.४९ लाख, झेडएक्सआय प्लस मॅन्युअल ८.९९ लाख. म्हणजे अडीच लाखांचा फरक. (सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यावर किमती उतरल्या, पण शिडी तशीच उभी आहे.) हे अडीच लाख सात वर्षांच्या कर्जात ९ टक्क्यांनी टाकले, तर महिन्याला साधारण ४,०२० रुपये होतात. फेडून होईपर्यंत ३ लाख ३८ हजार. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी साडेसत्तावीस हजार. इन्शुरन्सही गाडीच्या किमतीवर, तो वेगळाच. शोरूममध्ये मात्र हे कुणी असं एकत्र सांगत नाही. तिथे "सर, अजून फक्त सत्तर हजार" अशी एकेक पायरी चढवतात.

आणि मिळतं काय? अलॉय, मोठी स्क्रीन, क्रूझ कंट्रोल. क्रूझ कंट्रोल, आपल्या हिंजवडीच्या ट्रॅफिकात! स्क्रीन आणि अलॉय बाहेरही बसवून मिळतात. स्क्रीन बसवताना वायरी कापू देऊ नका, कपलरवाली घ्या, म्हणजे वॉरंटीचा वाद होत नाही.

राहिला मागचा वायपर, आणि माझा खरा राग इथे आहे. हॅचबॅकची मागची काच जवळजवळ उभी असते. गाडी पळताना तिच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि टायरने उडवलेला चिखल थेट काचेवर येऊन बसतो. सेडानची काच तिरकी आणि मागे डिकी, त्यामुळे तिचं वायपरवाचून भागतं. जुलैत ताम्हिणी उतरून बघा, मग कळेल मागचा वायपर चैन आहे की गरज. हीच वस्तू बहुतेक हॅचबॅकमध्ये वरच्या व्हेरिएंटांसाठी राखून ठेवतात. चांगल्या हेडलाइटचंही तेच. म्हणजे हॉटेलात मीठ मागावं आणि वेटरने सांगावं, "साहेब, मीठ फक्त गुलाबजामच्या थाळीवर."

आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो, म्हणून ही चाल लगेच ओळखू येते. सगळ्यांना लागणारी एक गोष्ट मुद्दाम महागड्या प्लॅनमध्ये ढकलायची आणि आजूबाजूला दहा नको असलेल्या गोष्टी चिकटवायच्या. "किंमत कमी ठेवायला कुठेतरी काटछाट लागतेच" हे कंपन्यांचं म्हणणं मान्य. मग वायपर सुटा विका ना राव! ज्याला हवा तो पैसे मोजेल.

तोपर्यंत माझं मत विचाराल तर मधलं घ्या. घाटात नेहमी जाणं असेल तर नाइलाज म्हणून वायपर जिथे सुरू होतो तिथवर चढा आणि तिथेच थांबा. अजून एक, टेस्ट ड्राइव्हला बहुतेक वेळा टॉपच उभं असतं. जे घेणार आहात तेच दाखवा म्हणून सांगा. "ते स्टॉकयार्डात आहे सर" असं उत्तर आलं, तर सरळ स्टॉकयार्डात जाऊन बघून या.