कामाच्या गोष्टी : हलवा मावशींचा, चूक आमची



या सदरात आम्ही नेहमी पेन्शनचे कागद, बँकेचे फॉर्म, दवाखान्याची वेळ कशी घ्यावी, अशा गोष्टी लिहितो. या वेळी विषय जरा निराळा आहे. आपल्यापैकी बरेच जण लहानमोठा धंदा करतात. कोणी शिवणकाम करते, कोणी गाडी चालवते, कोणी लग्नकार्यात जेवण करून देते. त्यांच्या जाहिराती आपल्या याच पत्रिकेच्या शेवटच्या पानावर येतात. त्या जाहिराती कशा लिहाव्यात, याबद्दल आज लिहायचे आहे. आम्ही यात मोठे जाणकार आहोत असे नाही. उलट एक जाहिरात आम्हीच बिघडवली, त्यातून जे कळले तेवढे सांगतो.

लोदला राहणाऱ्या एक मावशी आहेत. नाव लिहित नाही, त्यांनीच नको म्हटले. यजमान वारल्यावर त्यांनी एक लहानसा गाळा भाड्याने घेतला, नगरपालिकेचा परवाना काढला आणि खाण्याचे पदार्थ करून विकायला सुरुवात केली. त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला काही लिहिता येत नाही, तुम्हीच छान काहीतरी लिहून छापा." आम्ही छान काहीतरी लिहिले. ते असे :

"खुशखबर! खुशखबर!! खुशखबर!!! समस्त समाजबांधवांना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमचेकडे सर्व प्रकारचे अस्सल भारतीय खाद्यपदार्थ उत्कृष्ट दर्जाचे व वाजवी दरात मिळतील. शंभर टक्के कोशेर. लग्न, बार मित्स्वा, मलिदा इत्यादी सर्व प्रसंगी ऑर्डर स्वीकारली जाईल. एकवार सेवेची संधी द्यावी, ही नम्र विनंती."

ही जाहिरात लागोपाठ तीन अंकांत छापली. पैसेही घेतले. तिसऱ्या अंकानंतर मावशी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. फोन आले होते एकूण दोन. एक चुकीचा नंबर लागलेला, आणि दुसरा एका गृहस्थांचा. ते विचारत होते, तुमची कश्रूतची तेउदा कोणत्या रब्बानूतची? मावशींनी अर्ज केला होता खरा, पण तेउदा अजून हातात आलेली नव्हती. "मी कुठे म्हटलं होतं कोशेर लिहा म्हणून? माझ्या घरी सगळं कोशेरच आहे, पण कागद नाही ना अजून!" असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेच होते. शब्द आमचा होता. सवयीने लिहून गेलो. १९८३ च्या कायद्याप्रमाणे इस्राएलमध्ये कश्रूतचे प्रमाणपत्र नसताना आपला माल 'कोशेर' आहे असे लेखी मिरवता येत नाही. स्वयंपाकघर कितीही शुद्ध असो. आम्ही लगेच तो शब्द काढला, पण मावशींना जो मनस्ताप झाला तो झालाच.

जाताना त्या एवढेच बोलल्या की सुक्कोथपर्यंत बघते, नाहीतर गाळ्याची किल्ली परत देते.

त्या रात्री आम्ही जुना अंक उघडून ती जाहिरात पुन्हा वाचली. शेजारी शिवणकामाची जाहिरात होती, तिच्यातही "उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर". खाली प्रवासाच्या तिकिटांची, तिच्यातही तेच. म्हणजे मावशींचे नाव काढून शिंप्याचे नाव घातले असते तरी जाहिरात चालली असती! आता हे वाक्य वाचून कोणाला फोन करावासा वाटेल? तीन उद्गारचिन्हे दिली म्हणून काही पोटात भूक लागत नाही.

मग आम्ही करायला हवे होते ते उशिरा केले. मावशींच्या गाळ्यावर गेलो. नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, महिन्यावर आलेला होता. कोपऱ्यात एका पातेल्यात गहू भिजत होता. आम्ही विचारले, हे कशाला? त्या म्हणाल्या, "हलव्याला. एक घाणा करून बघतेय. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचा, पिळायचा, गाळायचा. रात्रभर ठेवला की चीक खाली बसतो. वरचं पाणी ओतून द्यायचं." नारळही त्या स्वतः खवतात, डब्यातले दूध घेत नाहीत. मग साखर, वेलची घालून मंद विस्तवावर, भांडे सोडेपर्यंत ढवळत राहायचे. हात भरून येतो. आम्ही म्हटले, मावशी, हे तुम्ही आधी का नाही सांगितले? त्यावर म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? हलवा असाच करतात."

असाच करतात, की करायचे? आज आमच्या ओळखीच्या कितीतरी घरी हलवा कॉर्नफ्लॉवरचा होतो. वाईट नसतो, पण तो चिकाचा हलवा नव्हे. ज्यांनी लहानपणी अलिबाग-पेणकडे किंवा मुंबईला आजीच्या हातचा खाल्ला आहे त्यांना दाताखाली पहिल्या तुकड्यालाच फरक कळतो.

अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाचे एक नामांकित जाहिरात-लेखक होऊन गेले. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात अशीच एक गोष्ट सांगितली आहे. एका बिअरच्या कारखान्यात ते गेले असता बाटल्या यंत्राने चार वेळा धुतात हे त्यांना दिसले. मालक म्हणाले, हे सगळेच कारखाने करतात, यात विशेष काय? हॉपकिन्स म्हणाले, करत असतील, पण गिऱ्हाइकाला ते कोणी सांगितलेले नाही. त्यांनी तेच लिहिले आणि माल खपला. आपल्या कामातली जी गोष्ट आपल्याला रोजची वाटते, तीच परक्याला नवी असते. मावशींचा भिजलेला गहू म्हणजे त्या चार वेळा धुतलेल्या बाटल्याच.

मग मावशींच्या समोर बसून, त्या बोलत होत्या तसे लिहीत गेलो. नवी जाहिरात अशी झाली :

"चिकाचा हलवा. तीन दिवस भिजवलेला गहू, ओल्या नारळाचे दूध, साखर, वेलची. कॉर्नफ्लॉवर नाही. गाई-म्हशीचे दूध नाही, म्हणून मटणाच्या जेवणावरही चालतो. अर्धा किलो ४५ शेकेल. नव्याच्या सणाला हवा असल्यास सणाच्या आठ दिवस आधी सांगा. गहू भिजवावा लागतो, नंतर घाई करता येत नाही. लोदमध्ये घरपोच, बाहेरगावच्यांनी येऊन न्यावा. फोन दुपारी चारनंतर. शुक्रवार दुपारपासून शनिवार रात्रीपर्यंत फोन बंद."

यात "उत्कृष्ट" हा शब्द कुठेही नाही. गरजही पडली नाही.

भावावरून मात्र आमचा वाद झाला. मावशींना भाव छापायचा नव्हता. "आकडा बघून माणसं पळतील," असे त्यांचे म्हणणे. आमचे मत उलट आहे, आणि ते आपल्या लोकांचा स्वभाव पाहून आहे. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना भाव विचारून मग 'नको' म्हणायला संकोच वाटतो. त्यापेक्षा ते फोनच करत नाहीत. आकडा समोर असला की ज्याला परवडते तो बिनधास्त फोन करतो. शेवटी मावशी म्हणाल्या, "छापा, पण लहान अक्षरात." आम्ही मोठ्या अक्षरात छापला. अजून त्या ऐकवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे 'सर्व प्रकारचे पदार्थ'. मावशी पुऱ्या करतात, सांदण करतात, बिरडे तर फारच सुंदर. पण सगळे एका चौकटीत कोंबले की वाचणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही. म्हणून एका अंकात एकच पदार्थ, आणि तोही ज्याचा सण जवळ आला आहे तो.

आता शनिवारच्या ओळीबद्दल. एका वाचकाने विचारले, कधी मिळणार नाही हे कशाला छापता? मुलांनो, तुमच्यासाठी सांगतो. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत. म्हणून गावचे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. हे नाव आपण ठेवलेले नाही, गिऱ्हाइकांनी ठेवले. पण बघा, दोनच शब्दांत धंदा कोणता तेही कळते आणि दुकान कधी बंद तेही कळते. एक पैसा न खर्चता अशी पाटी कोणाला मिळाली असेल? शनिवारी बंद, हे लपवायचे कशाला?

मराठी जाहिरात झाली, पण ती वाचणार कोण? आमच्या पिढीचे. सणाला पाहुणे बोलावतात आणि पैसे खर्च करतात ती आमची मुले-सुना-जावई, आणि त्यांचे वाचन हिब्रू. आपल्या वडिलांना हे १८७४ सालीच उमगलेले होते. पुण्याला छापलेल्या त्या साली निघालेल्या हगादाहमध्ये हिब्रू आणि मराठी दोन्ही आहेत, ज्याला जे समजेल ते त्याने वाचावे. तेव्हा मराठीची सोय करावी लागली, आता हिब्रूची.

मावशींचा नातू तेरा वर्षांचा. त्याला म्हटले, याचे हिब्रू कर. त्याने मराठी ऐकून घेतले आणि म्हणाला, "साव्ता, 'चीक' म्हणजे काय ते माझ्या मित्रांना कळणारच नाही. आणि गहू तीन दिवस भिजवला म्हटलं तर त्यांना वाटेल खराब झाला!" आम्ही सगळे हसलो, पण पोरगे बरोबर बोलत होते. त्याने भाषांतर केलेच नाही. त्याने लिहिले की सणाला आजीच्या घरी ताटात जे गुलाबी चौकोनी तुकडे मिळायचे, जे जेलीसारखे दिसतात पण चावावे लागतात, ते हेच. आजी आता करत नसेल तर इथे मिळतात. त्याखाली किंमत आणि दिवस, बस्स. वस्तू तीच, पण आजीला एक गोष्ट सांगावी लागते आणि नातवाला दुसरी.

त्याच नातवाने मग उत्साहात समाजाच्या यादीतल्या सगळ्या नंबरांवर मोबाइलवरून संदेश पाठवायचे ठरवले. ते मात्र आम्ही थांबवले. २००८ च्या कायद्यातील दुरुस्तीप्रमाणे ज्याने आधी संमती दिलेली नाही त्याला जाहिरातीचा एसएमएस किंवा ई-मेल पाठवणे येथे मना आहे, आणि नुकसान झाले हे सिद्ध न करताही कोर्ट एकेका संदेशाबद्दल १००० शेकेलपर्यंत भरपाई लावू शकते. हलवा विकून एवढे भरायचे तर किती गहू भिजवावा लागेल, याचा हिशेब त्याने स्वतःच केला आणि मोबाइल खाली ठेवला. आता दुकानात एक वही ठेवली आहे. ज्यांना पुढच्या वेळी कळवावे असे वाटते ते स्वतः नाव-नंबर लिहून सही करतात.

जाहिरातीत खोटे लिहू नये हे वेगळे सांगायला नको. १९८१ चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी आपल्या लहान समाजाचा कायदा आहे. अश्दोदला काही चुकीचे विकले तर संध्याकाळपर्यंत दिमोनाला कळते.

फोन किती आले? पहिल्या आठवड्यात एकोणीस. काही नुसते आठवणी काढायला होते. एक आजोबा वीस मिनिटे रेवदंड्याबद्दल बोलले आणि हलवा मागवायला विसरले, दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून मागवला. बेरशेबाच्या एका बाईंनी भाव जास्त आहे असे सांगितले आणि एक किलो घेतला. सात जणांना नाही म्हणावे लागले, कारण आठ दिवसांची मुदत संपली होती. मावशींना वाईट वाटत होते, घाईने करून देऊ का म्हणत होत्या. आम्ही म्हटले, नको. छापले आहे ना, मग तसेच. त्या सातांपैकी पाच जणांनी सणानंतरचे दिवस ठरवून घेतले. तेउदाही त्याच सुमारास आली. ती आता गाळ्यात भिंतीवर लावली आहे आणि जाहिरातीत एक शब्द वाढला आहे.

धंदा फार जोरात आहे असे नाही. जानेवारीत पुन्हा शांतता होती. पण किल्ली मावशींकडेच आहे.

पहिल्या तीन जाहिरातींचे पैसे आम्ही परत करायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत. आम्ही ते पुढच्या तीन अंकांसाठी जमा धरले आहेत.

आता बाळगोपाळांसाठी काम. तुमचे आजी-आजोबा जी एखादी गोष्ट हाताने करतात (लोणचे असो, शिवण असो, घड्याळ दुरुस्ती असो), ती करताना त्यांच्याजवळ बसा आणि ते काय काय करतात ते विचारा. मग चाळीस शब्दांत तिची जाहिरात लिहा. मराठी किंवा हिब्रू, कोणतीही चालेल. मराठी लिहिता येत नसेल तर आजीला सांगा, ती लिहील. 'उत्कृष्ट', 'अस्सल' आणि 'खुशखबर' हे तीन शब्द आलेले कागद आम्ही परत पाठवू. बाकीच्यातले आवडतील ते पुढच्या अंकात छापू, आणि त्यांचे पैसे घेणार नाही.