८४१ मतांचें आमदारपद

बुलढाणा मतदारसंघाचा २०२४ सालचा निकाल ज्यांनीं लक्षपूर्वक वाचला असेल, त्यांस ८४१ हा आंकडा विसरणें शक्य नाहीं. श्री. संजय गायकवाड यांस ९१,६६० मतें पडलीं व श्रीमती जयश्री शेळके यांस ९०,८१९. दोघांची बेरीज १,८२,४७९ होते. तींत दर दोनशें मतांमागें एका मताचाही फरक पडला नाहीं. ४२१ मतदारांचें मन फिरतें, तर विधानसभेंतील तें आसन दुसऱ्याचें झालें असतें. आमच्या व्यापारी वाचकांस हा हिशेब समजावून सांगण्याचें कारण नाहीं. एवढ्या तुटपुंज्या नफ्यावर ज्याचें दुकान चालतें, तो गिऱ्हाइकाशीं जपून बोलतो. राजकारणांत मात्र हा साधा नियम उलटा फिरलेला दिसतो.

गायकवाड यांस मतदारसंघ वडिलार्जित मिळालेला नाहीं, ही गोष्ट त्यांच्या बाजूनें प्रथम सांगितली पाहिजे. शेजारच्या खामगांवचें प्रतिनिधित्व पूर्वीं पांडुरंग फुंडकर यांनीं केलें व २०१४ पासून त्यांचे चिरंजीव करीत आहेत. तसा वारसा गायकवाडांपाशीं नव्हता. २०१४ सालीं ते मनसेच्या वतीनें उभे राहिले व काँग्रेसचे श्री. हर्षवर्धन सपकाळ यांच्याकडून पराभूत झाले. २०१९ सालीं शिवसेनेच्या तिकिटावर ते सुमारें २६ हजारांच्या आघाडीनें निवडून आले. जून २०२२ मध्यें श्री. एकनाथ शिंदे यांच्या बंडांत ते सामील झाले, आणि जानेवारी २०२४ मध्यें विधानसभाध्यक्षांनीं दोन्ही गटांतील कोणाही आमदारास अपात्र न ठरविल्यामुळें त्यांचें पदही अबाधित राहिलें. दहाव्या परिशिष्टाचा अर्थ कायद्याच्या पंडितांनीं कसाही लावावा. बुलढाण्याच्या मतदारानें आपला अर्थ पेटींतून सांगितला. पांच वर्षांत २६ हजारांचे ८४१ झाले.

जिल्ह्यांत इतरत्रही तराजूचा कांटा असाच थरथरत होता. मेहकरास तीन वेळां निवडून आलेले व त्याच बंडांत गेलेले श्री. संजय रायमुलकर मंत्रालयांतील अधिकारपद सोडून आलेल्या श्री. सिद्धार्थ खरात यांच्याकडून हरले. सिंदखेडराजास डॉ. राजेंद्र शिंगणे यांनीं २०२३ सालीं श्री. अजित पवारांचा पक्ष धरला, २०२४ च्या ऑक्टोबरांत तो सोडून ते श्री. शरद पवारांकडे परतले, आणि पडले. चिखलीचा निकालही निसटताच लागला. या तिन्ही ठिकाणचा फरक पांच हजारांच्या आंतला आहे.

अशा काठावरच्या विजयानंतर मनुष्य अंमळ विचारानें वागेल, अशी अपेक्षा कोणीही केली असती. गायकवाडांचें पूर्ववृत्त मात्र तिला पोषक नव्हतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें त्यांनीं आपण १९८७ सालीं वाघ मारला व त्याचा दांत गळ्यांत घातला आहे, असें स्वमुखें सांगितलें. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा आहे. तेव्हां हें कथन खरें असल्यास तो गुन्ह्याचा कबुलीजबाब, आणि खोटें असल्यास निष्कारण फुशारकी. वनखात्यानें गुन्हा नोंदविला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत श्री. राहुल गांधी यांची जीभ छाटणारास अकरा लाख रुपये देऊं, असें त्यांनीं जाहीर केलें; त्यावरूनही गुन्हा दाखल झाला. हें सर्व निवडणुकीपूर्वींचें.

८ जुलै २०२५ च्या रात्रीं मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासांत काय झालें, तें चित्रफितीच्या रूपानें साऱ्या देशानें पाहिलें. डाळ शिळी होती, अशी आमदारांची तक्रार. ती रास्तही असेल. अन्न व औषध प्रशासनानें दुसऱ्याच दिवशीं उपाहारगृहाचा परवाना निलंबित केला. परंतु तत्पूर्वीं आमदारमहाशय बनियन व टॉवेल अशा वेषांत खालीं उतरले आणि तेथील नोकरास त्यांनीं ठोसे लगावले. मुख्यमंत्र्यांनीं विधानपरिषदेंत या वर्तनाविषयीं नापसंती व्यक्त केली. आमदारांस मात्र पश्चात्ताप झालेला नाहीं, असें ते स्वतःच म्हणाले.

त्यांचे समर्थक म्हणतात कीं, ठोसा बसला म्हणूनच खातें जागें झालें. हा युक्तिवाद आम्हीं पुष्कळ ठिकाणीं ऐकला, म्हणून त्याचें उत्तर देणें भाग आहे. त्या दिवशीं विधिमंडळाचें पावसाळी अधिवेशन मुंबईंतच चालूं होतें. सरकार आमदारांच्या पक्षाचें. सकाळीं सभागृहांत दोन वाक्यें बोलले असते, तरी अन्न खात्याचे अधिकारी दुपारच्या आंत त्या स्वयंपाकघरांत पोंचले असते. (याच खात्याचें मंत्रिपद २०१९ ते २०२२ पर्यंत आपल्याच जिल्ह्याच्या डॉ. शिंगण्यांकडे होतें, तेव्हां त्या खात्याचे अधिकार कोणते, हें या जिल्ह्यास तरी नवीन नाहीं.) सत्ताधारी आमदारास शिळ्या डाळीसाठीं मूठ आवळावी लागत असेल, तर त्याच्या वजनाविषयीं त्याच्या समर्थकांनींच शंका घेतली असें होतें. मोताळ्याच्या एखाद्या शेतकऱ्यानें खानावळवाल्यास असेच ठोसे लगावले, तर त्याची रात्र कोठें जाईल? आमदारांवर पोलिसांनीं तीन दिवसांनीं अदखलपात्र गुन्हा नोंदविला. अदखलपात्र म्हणजे ज्याचा तपास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणें मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांस करतां येत नाहीं तो. कायद्याच्या हातापेक्षां कायदा करणाराचा हात लांब पोंचला, असें कोणी म्हटल्यास त्यास खोडून काढणें आम्हांस कठीण जाईल.

पण सारा दोष एका व्यक्तीच्या माथीं मारून मोकळें होणें आम्हांस पसंत नाहीं. एक्याण्णव हजार लोकांनीं मतें दिलीं, तीं कांहीं सगळीं वेड्यांचीं नव्हेत. पीकविम्याच्या रकमेसाठीं, फेरफाराच्या नोंदीसाठीं, जळालेल्या रोहित्रासाठीं खेडुतास कचेरीच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास दरडावणारा आमदार लोकांस कां आवडतो हें समजेल. बाबूनें दहा वेळां ‘उद्यां या’ म्हटल्यावर अकराव्या खेपेस कोणीतरी त्याच्यावर ओरडावें, असें वाटणें मनुष्यस्वभावास धरून आहे. मात्र या ओरडण्यानें एकाचें काम होतें आणि त्याच्या मागें रांगेंत उभा असलेला तसाच राहतो. शिवाय मार खातो तो नेहमीं गल्ल्यावरचा माणूस. ठेका देणारा अधिकारी व ठेक्याच्या अटी ठरविणारें खातें यांच्यापर्यंत ठोसा कधींच पोंचत नाहीं. तेथें पोंचतो तो तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, आणि कपात सूचनेवरचें भाषण. आमदारास निवडून पाठवितात तें याच हत्यारांसाठीं, आणि बुलढाण्याच्या मतदारानें तीं कितीदां उपसलीं गेलीं हें कधीं विचारलेलें नाहीं.

विधानसभेची मुदत पांच वर्षांची आहे. तोंपर्यंत बुलढाणा व मोताळा येथील वकीलमंडळींनीं आणि व्यापाऱ्यांनीं दर अधिवेशनानंतर आमदारांस एक लेखी पत्र धाडावें: आपण किती तारांकित प्रश्न विचारले, पीकविम्यावर काय बोललां, आमदार निवासांतील अन्नाच्या ठेक्याची चौकशी सभागृहांत मागितली काय? सहींत कोणाच्याही पक्षाचें नांव नसावें. उत्तर आलें तर तें आणि न आलें तर तें पत्र छापण्यास आमचे रकाने मोकळे आहेत.