स्कूटर तिरकी का करायचे?

दोस्तांनो, आज घरी एक प्रश्न विचारा. आई-बाबा चाळिशीच्या पुढचे असतील तर त्यांना, नाहीतर थेट आजोबांना. म्हणावं, "पूर्वी स्कूटर चालू होत नसली की तिला तिरकी का करायचे?" बहुतेक जण हसतील आणि सांगतील, "अरे, पेट्रोल खाली उतरतं ना!" उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं कळायला एक मुठीएवढी धातूची वस्तू उघडून बघावी लागते. तिचं नाव कार्ब्युरेटर. गॅरेजमध्ये तिला कोणी कार्बोरेटर म्हणतं, कोणी नुसतं 'कार्बो'. भारतात १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे, कडक नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाक्यांत तिची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. म्हणजे तुमच्या ताईच्या नव्या गाडीत ती नसणार. पण गोठ्यात, जिन्याखाली, वाड्याच्या मागे ताडपत्रीखाली ज्या जुन्या गाड्या उभ्या आहेत, त्यांच्यात ती नक्की सापडेल.

आम्हाला ती केडगावात सापडली. केडगावं दोन. एक अहिल्यानगरला लागून आणि दुसरं आपल्या दौंड तालुक्यातलं. पुण्याहून दौंडकडे रेल्वेने निघालं की यवत, खुटबाव आणि मग केडगाव. मोटारीने आलात तर सोलापूर रस्त्यावर चौफुला लागतो, तिथून शिरूरच्या बाजूला वळायचं. या दुसऱ्या केडगावात माझी बहीण राहते आणि तिच्या पडवीत १९९४ सालची एक चेतक उभी होती. आकुर्डीच्या कारखान्यात तयार झालेली, एमएच १२ ची पाटी मिरवणारी. बारामतीचा एमएच ४२ तेव्हा कुठे होता! महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन ही स्कूटर १९७२ साली आली. त्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. सध्या रस्त्यावर 'चेतक' नावाची जी नवी गाडी दिसते ती विजेवर चालते, तिला कार्ब्युरेटरही नाही आणि किकही नाही.

ही चेतक ताईच्या सासऱ्यांची. ते गेले, तेव्हापासून दोन पावसाळे ती हललेली नव्हती. दाजींनी निकाल देऊन टाकला होता, "रविवारी चालू झाली तर ठेवू. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय." आजी काही बोलल्या नाहीत. पण सकाळी पडवी झाडताना त्या स्कूटरच्या सीटवरून फडकं फिरवायच्या, हे भाचीने बघून ठेवलं होतं. भाची नववीत, भाचा सहावीत. "मामा, तू ये, आपण उघडू," असा तिचा फोन आला आणि शनिवारी मी हजर झालो.

आधी रोग ओळखायचा, मग औषध. टाकीतलं जुनं पेट्रोल आम्ही काढून टाकलं. त्याला वार्निशासारखा आंबूस वास येत होता. ताजं पेट्रोल भरलं, लिटरमागे २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल घालून, कारण या इंजिनाला वंगण पेट्रोलातूनच मिळतं. चोक ओढून किक मारली. फट्-फट्-फट्. चोक सोडला की गप्प. पुन्हा चोक, पुन्हा फट्-फट्, पुन्हा गप्प. म्हणजे प्लगला ठिणगी येतेय, इंजिनात दमही आहे. पोटात अन्न मात्र पोचत नाही.

आता हे अन्न म्हणजे काय ते सांगतो. नुसतं पेट्रोल इंजिनाला चालत नाही, ते हवेत मिसळून द्यावं लागतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. हवेला वजन असतं हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलला साधारण नऊ हजार लिटर हवा होते. शेतात दोनशे लिटरचे डिझेलचे पिंप असतात ना, तशी पंचेचाळीस पिंपं! ही मोजदाद करतो कार्ब्युरेटर. त्याला ना मेंदू, ना बॅटरी.

कसं, ते स्वतःच्या तोंडाने करून बघा. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यात सरबताच्या नळीचा एक तुकडा उभा धरा. दुसरा तुकडा आडवा धरून उभ्या नळीच्या तोंडावरून जोरात फुंका. पाणी नळीतून वर चढतं आणि तुषार उडतात. हवा वेगात गेली की तिथला दाब कमी होतो आणि पेल्यातल्या पाण्यावरची साधी, शांत हवा पाण्याला वर ढकलते. दानिएल बर्नुली याने १७३८ साली याचं गणित मांडलं. वाट अरुंद केली की प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हे इटलीतल्या व्हेंचुरीने १७९७ साली प्रयोग करून छापलं. कार्ब्युरेटरचा घसा मध्येच चिमटलेला असतो तो म्हणूनच. इंजिन पेट्रोल ओढतं असं आपण म्हणतो. खरं तर बाहेरची हवा ते आत ढकलते.

रविवारी सकाळी पडवीत नाही, अंगणात लिंबाखाली बसलो. पालकांनो, हा भाग तुमच्यासाठीही आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. त्यामुळे घरातला गॅस बंद, आजींची उदबत्ती आत, इंजिन थंडगार आणि बाजूला वाळूची बादली. पाण्याची नव्हे, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग आणखी पसरते. डोळ्यांवर चष्मा. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायचं नाही, कितीही मोठा माणूस तसं करताना दिसला तरी नाही. आणि मोठं माणूस सोबत नसेल तर हे काम करायचंच नाही.

पेट्रोलचा कॉक बंद केला. उजव्या बाजूचं झाकण काढलं. पहिलं काम ब्रशने धूळ झाडण्याचं, नाहीतर बाहेरचा कचरा आपणच आत घालतो. एअर फिल्टर निघाला, त्यात मातीचा थर आणि एका गांधीलमाशीचं अर्धवट घर. मग पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटरची आणि चोकची केबल आणि शेवटी दोन लांब बोल्ट. कार्ब्युरेटर हातात आला. खालच्या भोकात लगेच स्वच्छ फडक्याचा बोळा कोंबला. तिथून एखादा स्क्रू इंजिनात पडला की रविवार काय, सगळा महिना गेला.

आजींनी जुना मिसळणाचा डबा दिला. त्याच्या सात वाट्यांसारखी उत्तम वस्तू या कामाला दुसरी नाही. भाचा वहीत चित्र काढत होता, कोणता स्क्रू कुठून निघाला ते. भाची पेचकस चालवत होती. शेजारच्या एका काकांनी कुंपणावरून विचारलं, "पोरीला कशाला लावलंय असल्या कामाला?" त्यांना काय सांगायचं! याच केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मुली छापखाना चालवत होत्या, शिशाचे खिळे जुळवून पुस्तकं छापत होत्या.

वरचं छोटं झाकण उघडलं की एक वाटी दिसते. तिच्यात फ्लोट, म्हणजे तरंगणारा पोकळ गोळा. तुमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो, अगदी तसाच. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि एक टोकदार पिन पेट्रोलची वाट बंद करते. पातळी उतरली की वाट उघडते. पिन झिजली तर पेट्रोल वाहत राहतं आणि मेकॅनिक म्हणतो, "गाडी ओव्हर झाली." फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत खळखळ ऐकू आली तर त्याला भोक पडलंय. आमचा ठीक होता. पिनीच्या टोकावर मात्र गोल खाच पडली होती, ती बदलावी लागणार होती.

आता तिरक्या स्कूटरचं उत्तर. स्कूटर कलती केली की वाटीतलं पेट्रोल एका बाजूला चढतं, फ्लोटचा हिशेब बिघडतो आणि थोडं जास्तीचं पेट्रोल घशात उतरतं. थंड इंजिनाला तेच हवं असतं. म्हणजे हा गावठी चोक! रोज सकाळी स्कूटर आडवी करावी लागत असेल तर कार्ब्युरेटर साफ करायची वेळ झाली आहे, असं माझं मत आहे. पण त्या काळी ती एक रीतच होऊन बसली होती.

वाटीच्या तळाशी पिवळट चिकट थर होता आणि कोपऱ्यात पांढरी भुकटी. पेट्रोल साठून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो, उरतो तो डिंक. शिवाय हल्ली पेट्रोलात इथेनॉल असतं. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं. ते इथेनॉल येतं कुठून? बरंचसं उसापासून. केडगावच्या आजूबाजूला ऊसच ऊस आहे. म्हणजे ज्या फडाशेजारून ही स्कूटर जाते, त्याच पिकाचा अंश तिच्या पोटातही जातो. गंमत आहे, पण इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि जुन्या गाड्यांतलं रबर त्याच्यासाठी बनवलेलं नव्हतं. आमची पेट्रोलची नळी हाताने दाबली तर तिला भेगा दिसत होत्या. नवी घेतली.

खरा चोर जेटमध्ये होता. जेट म्हणजे पितळेचा लहानसा स्क्रू, मधोमध भोक. मुख्य जेट गाडी पळताना पेट्रोल देतो. स्लो जेट गाडी जागेवर उभी असताना, त्याचं भोक तर डोळ्याला जेमतेम दिसतं. भाचीने मुख्य जेट आभाळाकडे धरला. "दिसतंय, गोल." मग स्लो जेट धरला. बराच वेळ फिरवून बघितला. "मामा, यातून काहीच दिसत नाही."

चोक सोडला की गाडी का मरत होती, त्याचं कारण तिच्या चिमटीत होतं.

भाचा धावत जाऊन सुई घेऊन आला. सुई नाही! तार नाही! पितळ मऊ असतं. या जातीच्या जेटवर १०० आकडा असला तर भोक एक मिलिमीटर, म्हणजे आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. सुईने ते फक्त ०.०५ मिलिमीटरने मोठं झालं तर क्षेत्रफळ किती वाढतं? १.०५ गुणिले १.०५, म्हणजे १.१०२५. दहा टक्के जास्त पेट्रोल, कायमचं. म्हणून आम्ही जेट क्लीनरच्या द्रवात भिजत ठेवला, जुन्या दात घासायच्या ब्रशचा नायलॉनचा एकच केस त्यातून फिरवला आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्या वेळी भाची ओरडली, "उजेड!" आजीही बघायला आल्या, चष्मा वर करून.

जेट भिजत असताना मी मुलांना बर्था बेंझबाईंची गोष्ट सांगितली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्या नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, त्याला न सांगता, मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटर. सोबत दोन मुलगे, एक पंधरा वर्षांचा, दुसरा तेरा. इंधन संपलं ते वाटेत औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तेव्हा त्यांनी टोपीची पिन काढून ती साफ केली. भाचा लगेच म्हणाला, "मग त्यांनी पिन घातलीच ना!" घातली, पण नळीत. जेटमध्ये नव्हे.

दुपारी स्पेअर पार्टच्या दुकानातून कार्ब्युरेटरचं किट आणलं होतं. त्यातली नवी फ्लोट पिन आणि नवी पॅकिंग्ज बसवली. जोडणी म्हणजे चित्राकडे बघत उलटं जायचं. स्क्रू हाताने बसवून मगच पेचकस लावायचा, कारण या धातूचे आटे जबरदस्तीने लगेच जातात. मिश्रणाचा स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घेतला आणि दीड फेरा बाहेर. ही सुरुवात, बाकी इंजिनाचा आवाज ऐकून.

कॉक उघडला. गळती नाही ना, हे पाच मिनिटं बघत बसलो. आजी दारात उभ्या. "पाव्हणं, हुईल का वो चालू?" दाजींनी किक मारली. चार किका नुसत्याच. पाचवीला फट्, सहावीला निळ्या धुराचा लोट आणि मग तो आवाज. चोक आत ढकलला, तरी सुरूच! आवाज जरा धापा टाकल्यासारखा होता, म्हणून भाचीने मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि तो एकसारखा झाला. आजी काही न बोलता आत गेल्या आणि गुळाची वाटी घेऊन आल्या, आधी स्कूटरपुढे धरली, मग आमच्यापुढे.

सोमवारी भंगारवाला आला, त्याला दाजींनी जुनी गंजकी पाण्याची टाकी दिली. स्कूटर अजून रस्त्यावर आणलेली नाही, कारण पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते आणि विमाही हवा. ते कागद दाजी करताहेत. ब्रेकच्या केबलही बदलायच्या आहेत.

पुढच्या आठवड्यात याच चेतकचा प्लग काढून बघू. त्याच्या रंगावरून इंजिनाचं पोट कसं ओळखायचं ते सांगेन. तोवर एक कोडं: भाच्याने सुई घातलीच असती आणि एक मिलिमीटरचं भोक १.१ मिलिमीटर झालं असतं, तर पेट्रोल किती टक्के जास्त गेलं असतं? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा, आकडेमोडीसकट.