भिडूचा ‘डबल’ ऐकला, आता उतारी कोणती?



या पानावर आपण पिकाचे, खताचे, फवारणीचे बोलतो. आज विषय पत्त्यांचा आहे. हे वाचून घरातल्या बहिणींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांचे काही चुकत नाही. कपाशीचे पैसे हाती येऊ लागतात आणि त्याच सुमारास दिवाळीच्या रात्री तीन पत्तीचे डाव बसतात. वर्षाचा घाम एका रात्रीत दुसऱ्याच्या खिशात जातो आणि कृषी सेवा केंद्राची उधारी जशीच्या तशी राहते. त्याला मी खेळ म्हणत नाही. आज सांगतो आहे तो ब्रिज. बिनपैशाचा, जोडीने खेळायचा आणि डोक्याचा.

हा फरक कायद्यानेही केला आहे. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्याने वगळले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीच्या खटल्यात सांगितले की तीन पत्ती हा नशिबाचा खेळ, रमी मुख्यतः कौशल्याचा. रमीत नशिबाचा भाग आहे तो ब्रिजमध्ये पाने वाटताना असतो तेवढाच. पण पैसा मध्ये आला की कोणताही खेळ नासतो, हे सांगायला न्यायालय कशाला हवे?

ब्रिज म्हणजे शहरातल्या जिमखान्यांतल्या साहेबलोकांचा खेळ, असे कोणी म्हणेल. खानदेशातून सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशातला खरगोन जिल्हा लागतो. तेथे रायबिदपुरा नावाचे शेतकऱ्यांचे गाव आहे. १९६० नंतरच्या दशकात तेथे नेमणुकीवर आलेल्या एका पशुवैद्यकीय डॉक्टरांनी गावकऱ्यांना हा खेळ शिकवला. डॉक्टर गेले, खेळ राहिला. कापूस-मिरची पिकवणारी माणसे संध्याकाळी ब्रिज खेळतात आणि बाहेरच्या स्पर्धांनाही जातात. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई खेळांत भारताच्या प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने ब्रिजचे सुवर्णपदक जिंकले. बर्धन तेव्हा साठीचे होते. म्हणजे गुडघे दुखू लागल्यावरही पदक मिळू शकेल असा हा खेळ आहे.

मेंढीकोटापासून ब्रिजपर्यंत

आपल्या कन्नड, पैठण, फुलंब्रीकडच्या ज्या घरात मेंढीकोट खेळता येतो, त्या घराने निम्मा ब्रिज शिकलाच आहे. चार माणसे, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला तेरा पाने, उतरलेल्या रंगाचे पान द्यायचे, नसेल तर हुकमाने कापता येते. नवीन गोष्टी तीन.

पहिली म्हणजे बोली. सहा हात गृहीत धरून वरचे मोजायचे. ‘चार इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम ठेवून दहा हात करतो. ‘सहा इस्पिक’ म्हणजे बारा. बिनहुकमी बोलीला ‘नो ट्रम्प’ म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे डमी. ज्याची बोली ठरली त्याच्या डावीकडच्या माणसाने पहिली उतारी करायची. त्यानंतरच बोलीवाल्याचा भिडू आपली पाने सर्वांसमोर मांडतो. तिसरी गोष्ट म्हणजे डबल. ‘तुमची बोली पुरी होणार नाही’ असे वाटले की विरोधकाने ‘डबल’ म्हणायचे. मग बोली बुडाली तर दंड वाढतो, आणि पुरी झाली तर त्यांचे गुणही वाढतात.

आता उतारी करणाऱ्याची अडचण बघा. बावन्न पानांतली त्याला दिसतात फक्त तेरा. डमी अजून उघडलेली नाही. पेरलेले बी परत वेचता येत नाही, तसे टाकलेले पान परत उचलता येत नाही. अशा वेळी समोरून भिडूने डबल दिला असेल, तर तो नुसता गुण वाढवण्यासाठी दिलेला नसतो. त्यात आपल्यासाठी निरोप असतो. तो वाचायचा कसा, हे आज बघू.

डबल केव्हा दिला, त्यावर अर्थ

१) अगदी सुरुवातीचा डबल. समोरच्यांनी ‘एक बदाम’ म्हटले आणि भिडूने लगेच डबल दिला, तर तो दंडाचा नाही. तो सांगतो, ‘माझ्याकडे चांगली पाने आहेत, बदाम सोडून तुझा रंग सांग.’ पुढे बोली विरोधकांचीच ठरली आणि उतारी आपल्यावर आली, तर भिडूचे बळ त्या बाकीच्या रंगांत आहे हे धरून आपला त्यातला चांगला रंग उतरावा. मात्र आपल्याकडेच बदामाची लांब, भक्कम रांग असेल आणि म्हणून आपण त्या डबलवर पास म्हटले, तर उतारी भिडूवर येते. त्याने तेव्हा हुकूमच उतरावा. हुकूम लवकर संपले की विरोधकांचे कापणे बंद होते.

२) कृत्रिम बोलीवरचा डबल. मोठ्या बोलीच्या आधी एक जण ‘चार नो ट्रम्प’ म्हणून भिडूला एक्के विचारतो. उत्तर ‘पाच चौकट’ म्हणजे एक एक्का, ‘पाच बदाम’ म्हणजे दोन. त्या चौकटीचा चौकटीशी संबंध नसतो. त्यावर आपल्या भिडूने डबल दिला, तर निरोप स्वच्छ आहे: चौकट उतर. आणि संधी असून त्याने डबल दिला नाही, तर तोही एक निरोपच समजावा. त्या रंगाची त्याला विशेष गरज नाही.

३) ‘तीन नो ट्रम्प’वरचा डबल. आपण रंग बोललो असू तर तो उतरावा. भिडू बोलला असेल तर त्याचा. दोघेही बोललो असू तर कोणाचा, हे खेळायला बसण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. दोघेही गप्प असू तर डमी होणाऱ्याने जो रंग प्रथम बोलला तो उतरावा. भिडू त्या रंगाच्या मागे दबा धरून बसलेला असतो. कोणीच रंग बोलले नसेल, तर बदाम किंवा इस्पिक यांपैकी आपल्याकडे जो तोकडा तो उतरावा. आपल्याकडे कमी म्हणजे भिडूकडे जास्त असण्याचा संभव.

४) हुकमाच्या ‘चार’पर्यंतच्या बोलीवरचा डबल. येथे एकच एक नियम नाही. भिडूकडे चार-पाच हुकूम असतील असे बोलीवरून वाटले, तर आपला लांब रंग उतरावा. बोलीवाल्याला तो कापावा लागतो आणि त्याचे हुकूम झिजत जातात. उलट बोलीवाल्याचा दुसरा रंग भिडूकडे भक्कम आहे असे दिसले, तर हुकूम उतरावा. म्हणजे डमीला तो रंग कापता येत नाही.

सगळ्यांत मोठा डबल

आता खरी मौज. विरोधक सहा किंवा सातपर्यंत चढले आहेत. एवढी चढलेली जोडी सहसा दोन-तीन हातांनी बुडत नाही. मग भिडू डबल का देतो? थिओडोर लाइटनर नावाच्या अमेरिकन खेळाडूने १९२९ साली याचे उत्तर सुचवले, आणि आज जगभर तेच चालते. अशा बोलीवर उतारी न करणाऱ्या भिडूने डबल दिला, तर त्याचा अर्थ, ‘नेहमीची उतारी करू नकोस.’ हुकूम नको, आपण बोललेला रंग नको, कोणीच न बोललेला रंगही नको. बहुधा भिडूकडे एका रंगाचे एकही पान नाही, आणि पहिलाच हात त्याला कापायचा आहे. तो रंग शोधणे हे आपले काम.

एक डाव मांडून बघू. घरचे पत्ते घ्या आणि खरेच मांडा, नुसते वाचून कळणार नाही. आपण पश्चिमेला, भिडू पूर्वेला, दक्षिणेची बोली, उत्तर डमी.

आपण (पश्चिम): इस्पिक २, बदाम राणी, गुलाम, १०, ४, चौकट ९, ६, ५, ४, ३, किलवर ९, ८, २.

उत्तर: इस्पिक राजा, ९, ६, ५, बदाम एक्का, ६, चौकट एक्का, राणी, गुलाम, ७, २, किलवर ७, ३.

पूर्व: इस्पिक ७, ४, ३, बदाम ९, ८, ७, ३, २, चौकट नाही, किलवर एक्का, गुलाम, १०, ६, ४.

दक्षिण: इस्पिक एक्का, राणी, गुलाम, १०, ८, बदाम राजा, ५, चौकट राजा, १०, ८, किलवर राजा, राणी, ५.

बोली अशी झाली: दक्षिण एक इस्पिक, उत्तर दोन चौकट, दक्षिण तीन नो ट्रम्प, उत्तर चार इस्पिक, दक्षिण चार नो ट्रम्प, उत्तर पाच बदाम, दक्षिण सहा इस्पिक. आपली जोडी सारा वेळ पास. शेवटी भिडूने डबल दिला आणि उतारी आपल्यावर आली.

आता फक्त आपली तेरा पाने बघा. हात आपोआप बदाम राणीकडे जातो. राणी, गुलाम, दहा अशी सलग रांग, पुस्तकात शोभावी अशी उतारी. पण थांबा आणि मोजा. उत्तर स्वतःहून चौकट बोलला, म्हणजे त्याच्याकडे चार-पाच चौकट धरा. आपल्याकडे पाच. तेरातून दहा गेले, उरले तीन, आणि ते दक्षिण व आपला भिडू यांच्यात. भिडूकडे एकही नसणे अगदी शक्य आहे. शिवाय पाच बदामवर डबल देण्याची संधी असून तो गप्प राहिला. बदाम त्याला नको आहे. राहिले किलवर. तो रंग कोणीच बोललेले नाही, म्हणून डबलने तोही वर्ज्य केला. चौकटच उतरली पाहिजे.

चौकट उतरली की भिडू ती कापतो, लगेच किलवरचा एक्का वाजवतो, आणि दोन हातांत बोली बुडाली. बदाम राणी उतरली असती तर? दक्षिणेने ती मारली असती, तीन वेळा हुकूम काढून भिडूचे तिन्ही हुकूम संपवले असते, आणि इस्पिकचे पाच, चौकटचे पाच, बदामचे दोन असे बारा हात मोजून घेतले असते. विरोधकांवर जोखीम नसलेल्या डावात याचा हिशेब असा: चौकट उतरली तर आपल्याला १००, बदाम उतरला तर त्यांना १२१०. एका पानात १३१० गुणांचा फरक.

दोन सूचना. भिडूला कापायला पान देताना तेच पान त्याला वाटही दाखवते. त्याने परत वरच्या रंगात यावे असे वाटत असेल तर मोठे पान, खालच्या रंगात यावे तर लहान. आपल्याकडे तसे काही नसेल तर मधले. दुसरी सूचना डबल देणाऱ्यासाठी. आपला निरोप विरोधकही ऐकतो. या डावात दक्षिण सावध होऊन ‘सहा नो ट्रम्प’कडे पळाला असता, तर तेच बारा हात त्याने बिनहुकमी केले असते. विहिरीतले पाणी सगळ्यांना दिसेल असे दाखवू नये, म्हणतात ते खोटे नाही.

खुणा करायच्या नाहीत

मेंढीकोटात भिडूला डोळा मारणे, कान खाजवणे, खोकणे हे आपण हसून सोडून देतो. ब्रिजमध्ये ही लबाडी आहे. निरोप द्यायचा तो बोलीतून आणि पानातून, आणि त्याचा अर्थ विचारला तर विरोधकांनाही सांगायचा. ‘डबल’ हा शब्दही रोजच्याच आवाजात म्हणायचा. रागाने म्हटला तर एक अर्थ, हळू म्हटला तर दुसरा, असे चालत नाही. १९७५ साली बर्म्युडा बेटावर झालेल्या जागतिक स्पर्धेत इटलीच्या एका जोडीतला खेळाडू टेबलाखालून भिडूच्या पायाला पाय लावताना दिसला आणि त्या जोडीला समज देण्यात आली. भिडूचा चेहरा दिसू नये म्हणून टेबलावर आडवे पडदे लावण्याची पद्धत त्याच स्पर्धेत सुरू झाली होती. पडदा वर होता, पाय खाली. लबाडाला वाट सापडतेच, म्हणून घरी खेळताना पडद्यापेक्षा शब्द पाळावा.

या खेळातली खरी कमाई गुणांची नाही. भिडूने विचार करून डबल दिला, तुम्ही तो न मोजता रोजचेच पान टाकले, असे दोनदा झाले की तो पुढे डबल देतच नाही. जोडी तिथेच मोडते, जरी चौघे टेबलाशी बसलेले असले तरी. घरातही असेच होते. ‘यंदा सोसायटीचे आधी फेडू, मोटारसायकल पुढच्या वर्षी’ असे घरधनीण एकदा म्हणते, दोनदा म्हणते. ऐकणाऱ्याने कारण विचारले नाही, तर तिसऱ्यांदा ती म्हणत नाही. मग बुडाल्यावर ‘आधी का नाही बोललीस’ असे विचारण्यात काय अर्थ?

म्हणून सांगतो, पोळ्यानंतर पाऊस लागून राहिला की एक जोड पत्ते काढा. नवरा-बायको, सासरे-सून, बहीण-भाऊ अशा जोड्या लावा. गुण लिहायला बारावीतल्या मुलीला बसवा. हिशेब तिचा पक्का होईल. पैसा एकाही डावावर लावू नका. आणि डाव संपला की भिडूला दोष देऊ नका, एवढेच विचारा: ‘तू डबल दिलास तेव्हा तुला कोणते पान हवे होते?’

पुढील अंकी पुन्हा आपल्या शेताकडे वळू.