प्रयोगशाळांची मिळकत

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्था चालविणाऱ्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने खर्चाचा एक तृतीयांश भाग बाहेरून मिळवावा, असे आबिद हुसेन समितीने १९८६ मध्ये सुचविले. आयात-निर्बंधांच्या छायेत गिऱ्हाइकाचे तोंडही न पाहणाऱ्या संस्थांना हा चिमटा आवश्यकच होता. परंतु मिळकत हाच एकमेव निकष ठरला की शास्त्रज्ञ नमुने तपासून देण्याकडे वळतो. त्याचे बिल लगेच वसूल होते ना! ज्या ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो, त्याची किंमत एकटा कारखानदार का मोजील? ती सरकारनेच मोजावयास हवी. २०२०-२१ मध्ये देशांतर्गत उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के रक्कम आपण संशोधनावर खर्च केली. मिळकतीचे बंधन चाचण्यांना व सल्ल्याला खुशाल लावावे. मूलभूत संशोधनाचे अनुदान मात्र त्यातून वगळावे.