ओढ्याकांठचा कॅमेरा

ज्यांच्या जमिनी शहरालगत आहेत त्यांस हें सांगावयास नकोच, कीं गांवचे ओढे व गायरानें रात्रीं येणाऱ्या ट्रकांची कचराकुंडी झालीं आहेत. पावसाळ्यांत तीच घाण वाहून आपल्या शेतांत येते, आणि प्लास्टिक खाऊन जनावर दगावलें तर ज्याचें त्यानें सोसावें! ग्रामपंचायतीनें कॅमेरे बसवावेत असें अनेकजण म्हणतात. म्हणणें रास्त आहे; परंतु प्रस्तुत लेखकाची हयात तहसील कचेरींत गेली, त्यामुळें त्यास निराळीच शंका येते. चित्रांत ट्रक दिसला तरी तेवढ्यानें खटला उभा राहत नाहीं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, याच्या कलम ६३ अन्वयें अशा चित्रणासोबत यंत्र सांभाळणाऱ्याचें व तज्ज्ञाचें प्रमाणपत्र लागतें. शिवाय यंत्रांतील जागा भरली कीं जुनें चित्रण आपोआप पुसलें जातें. आमच्या गांवीं तेंच झालें. तक्रार लिहून होईपर्यंत ट्रकही गेला आणि चित्रही गेलें. सबब कॅमेरा घेण्यापूर्वीं तो रोज पाहणारा मनुष्य नेमावा, गाडीचा क्रमांक वाचतां येईल अशा वळणावर तो लावावा, व त्याच दिवशीं पंचनामा करावा. पाणवठ्याकडे मात्र त्याचें तोंड नसावें. तेथें आपल्याच आयाबहिणी धुणें धुतात.